उजवीकडचा कॅमेरा आधी

मी स्वभावानं संशयी आहे आणि या स्वभावाचा मला पगार मिळतो. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी सांगलीत घरी बसून कॅमेऱ्यांचे ड्रायव्हर लिहिते. हा ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, राहणारा प्रोग्रॅम. बाहेरून कॅमेरा जोडला की त्याची पहिली दखल तो घेतो. नातेवाइकांना हे समजावून सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

या कामात कुणावर विश्वास ठेवून चालत नाही. कॅमेरा जोडला की ड्रायव्हरनं त्याच्यासाठी मेमरीत जागा करायची, त्याची नोंद उभी करायची आणि त्याला नंबर द्यायचा, व्हिडिओ शून्य, व्हिडिओ एक, असा. कॅमेरा काढला की नोंद पुसायची आणि नंबर मोकळा करायचा. ऐकायला सोपं आहे. पण कॅमेरा काढला तरी वरचा एखादा प्रोग्रॅम तो नंबर धरून बसलेला असतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. माणूस उतरून निघून गेला तरी रुमाल सीटवर असतो, आणि तो आहे तोवर ती जागा दुसऱ्याला देता येत नाही. घाईनं दिली तर दोघं एकाच जागेवर येतात आणि अख्खं मशीन कोलमडतं. म्हणून शेवटचा धरणारा सोडेपर्यंत ड्रायव्हर थांबतो. मधल्या वेळात तोच कॅमेरा परत जोडला, तरी त्याला पुढचा रिकामा नंबर मिळतो.

‘सोडलं’ म्हणणाऱ्यानं खरंच सोडलंय का, हे तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्याचा परिणाम घरात दिसतो. नवरा म्हणतो, दूधवाल्याचीसुद्धा तू उलटतपासणी घेतेस. घेते. तो पाणी घालतो.

माझे वडील मूळचे साताऱ्याकडचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी आष्ट्यात घर बांधलं, पण रिकामं बसणं त्यांना जमेना. मग कवठे महांकाळजवळच्या एका बेदाण्याच्या शेडवर त्यांनी देखरेखीचं काम धरलं. हंगामात ते तिथंच एका खोलीत राहायचे. सगळे त्यांना फौजी म्हणायचे. ‘फौजीनं बघितलंय’ म्हटलं की शेतकरी आपला माल पुन्हा तपासून बघत नसत. या एका वाक्यावर आप्पा जगत होते असं म्हटलं तरी चालेल.

त्या शेडवर बेदाणा निवडायचं मशीन होतं. शेजारी शेजारी दोन पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यावर एक कॅमेरा. पट्ट्यावरून बेदाणा सरकतो, कॅमेरा सुरुवातीच्या पाटीभर मालाचा रंग बघतो आणि त्यावरून त्या शेतकऱ्याच्या सगळ्या पेट्यांना प्रत लागते. चांगला हिरवा माल डावीकडच्या पहिल्या पट्ट्यावर जायचा. पावसात सापडलेला, काळपट, मिसळीचा माल उजवीकडच्या दुसऱ्या पट्ट्यावर. दुसरा पट्टा आप्पांच्या ताब्यात होता.

मार्चमध्ये एका दुपारी आप्पांचा फोन आला. ते दिवसा कधी फोन करत नाहीत, त्यामुळं मी आधीच सावध झाले. दुसऱ्या पट्ट्याच्या मालाला पहिल्या प्रतीचा शिक्का लागतोय, व्यापाऱ्यांनी पेट्या फोडल्या तर आत काळा बेदाणा निघतोय, असं त्यांनी सांगितलं. मालकानं त्यांना काही म्हटलं नव्हतं. फक्त त्यांच्या पट्ट्याशेजारी खुर्ची टाकून दुसरा माणूस बसवला होता.

“माज्यावर पहारा बसवलाय पोरी,” आप्पा म्हणाले. “मी जल्मभर पहारा दिला.”

हंगाम संपला की मालक त्यांना पुढच्या वर्षी येऊ नका म्हणणार, हे उघड होतं. काम गेल्याचं त्यांना फारसं वाटलं नसतं. पण फौजी माल फिरवतो, ही गोष्ट बाजारात एकदा गेली की ती आष्ट्यापर्यंत यायला वेळ लागत नाही. मला फार राग आला, आणि त्या रागाच्या खालीच संशयही आला. मालकाचा आला, त्या खुर्चीवरच्या माणसाचा आला आणि आप्पांचाही आला. कारण दुसऱ्या पट्ट्यावर येणारे निम्मे शेतकरी आमच्या नात्यातले किंवा ओळखीचे.

दोन दिवसांनी मी गाडी काढून शेडवर गेले. मालक पन्नाशीचे, कपाळाला गंध, बोलणं मऊ. मऊ बोलणाऱ्यांवर माझा आधीपासून राग आहे. ते म्हणाले की आरोप कुणावरच नाही, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

“ताई, अमावस्या झाली की फौजींचा माल चांगला हुतोय, पहिल्या पट्ट्याचा खाली येतोय. चार-आठ दिवस तसाच ऱ्हातोय, मग परत जागेवर येतोय. आता तुमीच सांगा.”

अमावस्येला निम्मे कामगार सुट्टी घेतात, शेडवर माणसं कमी, त्यामुळं तेव्हाच कुणाला तरी हात मारायला सापडतं, असं त्यांचं गणित होतं. गणित वाईट नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच मांडलं असतं. पण चार-आठ दिवसांनी आपोआप जागेवर येणारी चोरी मला खटकली. चोर असा आपणहून थांबत नाही. आपोआप जागेवर येतं ते कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर. तिकडं आठवड्यातून एकदा तरी लाइट बराच वेळ जाते, इन्व्हर्टर उतरतो आणि सगळं बंद पडतं. पुढची अमावस्या जवळच होती. मी मालकांना विचारलं, त्या दिवशी येऊन बसू का. ते खुशाल या म्हणाले.

अमावस्येला सकाळीच जाऊन मी कॉम्प्युटरसमोर बसले. स्क्रीनवर दोन चौकटी होत्या, डावीकडं पहिला पट्टा, उजवीकडं दुसरा. मी आप्पांकडं बघत होते, मालकांकडं बघत होते आणि खुर्चीवरचा माणूस माझ्याकडं बघत होता. तासभर काहीच झालं नाही.

मग मालक अंघोळ करून, हातात ताट घेऊन आले. आमच्याकडं अमावस्येला ट्रॅक्टरला, गाडीला, दुकानाला नारळ फोडतात, तसा ते मशीनला फोडत. पट्टे थांबवले. कॉम्प्युटर मात्र चालूच ठेवला, कारण अमावस्येला मशीन पूर्ण थंड करायचं नाही, अशी त्यांच्या घरातली पद्धत. आणि मग त्यांनी स्वतः दोन्ही कॅमेऱ्यांच्या वायरी उपसल्या, कॅमेरे उतरवून पाटावर ठेवले, स्वच्छ फडक्यानं पुसले, हळदीकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आजवर कुणीच मला हे सांगितलं नव्हतं. पूजा ही काय सांगायची गोष्ट आहे, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

पूजा झाल्यावर मालकांनी कॅमेरे जागच्या जागी बसवले आणि वायरी जोडल्या. आधी उजवीकडची, मग डावीकडची. शुभ काम उजव्या बाजूनं सुरू करायचं म्हणून.

मी पहिल्या पट्ट्यापाशी गेले आणि तिथल्या कॅमेऱ्याखाली हात धरला. मग मालकांना म्हटलं, स्क्रीन बघा. माझा बांगड्यांचा हात दुसऱ्या पट्ट्याच्या चौकटीत दिसत होता.

मी त्यांना रुमालाची गोष्ट सांगितली. प्रोग्रॅम चालू असताना कॅमेरे उपसले, म्हणून जुने दोन्ही नंबर अडकून राहिले. परत जोडताना ड्रायव्हरनं पुढचे नंबर दिले, जो आधी आला त्याला आधीचा. वरचा प्रोग्रॅम लहान नंबर म्हणजे पहिला पट्टा असं धरून चालत होता. उजवीकडचा आधी आला आणि अदलाबदल झाली. ड्रायव्हर त्याच्या जागी बरोबर होता, मालकांची पूजाही बरोबर होती. चूक होती नंबरावर विश्वास ठेवणाऱ्याची. कॅमेरा कोणत्या खाचेत जोडलाय यावरून तो ओळखायचा, अशी दुरुस्ती मी तिथंच बसून केली आणि पुन्हा हात धरून दाखवला.

मालकांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सगळ्या कामगारांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर आप्पांना हात जोडले. खुर्चीवरच्या माणसानं आपली खुर्ची स्वतःच उचलून नेली. आज लेकीच्या घरी जा, उद्या सावकाश या, असं मालक आप्पांना म्हणाले. मला एवढा आनंद झाला होता की डोळे भरून आले.

आप्पा खोलीतून पिशवी आणेपर्यंत मी भिंतीशी लावलेल्या परत आलेल्या पेट्या बघत उभी राहिले. खरं तर बघायचं काही कारण नव्हतं. प्रत्येक पेटीवर मार्करनं शेतकऱ्याचं नाव आणि तारीख लिहिलेली होती. बहुतेक पेट्या अमावस्येनंतरच्याच. एका पेटीवर मात्र कुंडलच्या आत्याचं, आप्पांच्या बहिणीचं, सासरचं नाव होतं, आणि तारीख मागच्या अमावस्येच्या आदल्या दिवशीची. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती आणि दुपारी सगळं नव्यानं सुरू केलं, हे आप्पांनीच मला फोनवर सांगितलं होतं. म्हणजे त्या दिवशी कॅमेरे सरळ होते, तरी पेटीवर पहिल्या प्रतीचा शिक्का होता.

आप्पा पिशवी घेऊन आले. पिशवी डिकीत ठेवली आणि गाडी सुरू केली.

मिरजेच्या अलीकडपर्यंत आप्पा खुशीत होते. शेडवर आता तोंड वर करून वावरता येईल, असं दोनदा म्हणाले. मला गप्प बसता आलं असतं. मी विचारलं.

“आप्पा, आत्याच्या पेटीचं काय?”

त्यांनी आपल्या बाजूची काच खाली घेतली.

“ती मी केली,” ते म्हणाले. “अवकाळीत तिचा माल समदा काळा पडला व्हता. म्होरं पहिल्या पट्ट्याचा पाटीभर चांगला सोडला कॅमेऱ्याखालनं, मागनं तिचा. एकदाच.”

एकदाच, असं सगळेच म्हणतात आणि मी कधीच मानत नाही. आप्पांचं मानलं. मालक हात जोडत होते तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत, असं मी विचारलं.

“तू समद्यांसमोर माज्यासाठी बोलत व्हतीस. तितं तुला खोटी पाडू व्हय?” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुला कवा कळलं?”

“पेट्या बघताना. तिथंच.”

“आन् तू गप बसलीस.”

मी हो म्हटलं. ते त्यांना लागलं. स्वतःचं कबूल करताना त्यांचा आवाज हलला नव्हता, तो आता हलला.

“गाडी वळव,” ते म्हणाले.

मी म्हटलं, राहू दे आप्पा, एका पेटीचं कुणाला कळणार आहे. असलं वाक्य माझ्या तोंडून यापूर्वी कधी निघालं नव्हतं. दुसऱ्या कुणी ते माझ्यासमोर उच्चारलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटत होतं.

“वळव पोरी,” ते पुन्हा म्हणाले.

मी गाडी वळवली. शेडच्या फाटकाशी त्यांनी मला गाडीतच बसायला सांगितलं, शर्टाची वरची गुंडी लावली आणि आत गेले. ऑफिसची पुढची भिंत काचेची आहे, त्यामुळं मला सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. आप्पांना बघून मालक हसत उठले, टेबलाला वळसा घालून पुढं आले आणि स्वतःच्या हातानं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. आप्पा बसले नाहीत. ते ताठ उभे राहून बोलायला लागले, आणि मालक अजून हसत होते.