दुसऱ्या कंपनीची लेन्स

सातपूरच्या आमच्या कारखान्यातले एक गृहस्थ दर रविवारी आमच्याबरोबर नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला यायचे. मी कॅमेऱ्याच्या कंपनीची न घेता दुसऱ्या कंपनीची, लांबचं जवळ दाखवणारी स्वस्त टेलिफोटो झूम लेन्स घेतली, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "अहो, ही लेन्स नाही, बाटलीचं बूड आहे!" त्यांची स्वतःची महागडी लेन्स धुळीच्या भीतीने बॅगेतच असायची.

एकदा करकोच्यांचा थवा अगदी जवळ उतरला. बॅग उघडायला वेळ नव्हता. त्यांनी माझाच कॅमेरा ओढून घेतला आणि धडाधड फोटो काढले. त्या फोटोंची सीडी त्यांना मीच करून दिली.

कारखान्याच्या प्रदर्शनात त्यांनी दिलेल्या त्यातल्या एका फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. साहेबांनी त्यांना विचारलं, "लेन्स कोणती?" माझ्याकडे न बघता त्यांनी स्वतःच्या लेन्सचं नाव सांगितलं.

टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, याची मला जास्त चीड येते.