मचव्याची फळी

कुठलीही फळी दिसली की ते वाकायचे, बोटाच्या पेरानं तिच्यावर ठोकायचे आणि कान लावून ऐकायचे. वाण्याचं बाकडं, शाळेतलं टेबल, कुणाच्या नव्या घराचं दार, काही सुटायचं नाही. नाद खणखणीत आला की "बोलतंय," एवढं म्हणून खूश व्हायचे. न बोलावता आलेला असा एखादा परीक्षक तुमच्याही गल्लीत असेल.

पनवेलला मी शाळेत शिकवायला लागलो तेव्हापासून ते माझे शेजारी. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये नुसती कुडाची भिंत. लग्नाला, हळदीला ग्रामोफोन आणि कर्णा भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना बाजावाले म्हणत. टीचभर खोलीत ते, त्यांची बायको आणि तबकड्यांनी गच्च भरलेल्या लाकडी पेट्या. एकेक पेटी उचलायला दोन माणसं लागत. वहिनींचे गुडघे धरलेले, त्या बहुतेक वेळ भुईवर पडून असत. पेट्या वाढत गेल्या तशी त्यांची पथारी आक्रसत गेली.

शेवटी पेट्यांची काही सोय करायचं ठरलं. बाजावाल्यांनी हातात सुतळी घेऊन खोली मापली आणि सगळ्या गल्लीचा सल्ला घेतला. आमच्या गल्लीतला सुतार म्हणाला, "जमिनीवर उभी मांडणी करा."

"मांडनी खाली ठेवली तं ही झोपंल कुठं?"

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. उरणच्या बाजूला त्यांच्या बापाचा मचवा मोडीत निघाला होता. त्याची एक लांबरुंद फळी त्यांनी बैलगाडीत घालून आणली, भोकं पाडून लोखंडी सळ्या ओवल्या आणि वहिनींच्या पथारीच्या वर तुळईला टांगली. सुतार कुरकुरला, "लाकडात वर्षानुवर्षांचं मीठ मुरलंय. ते लोखंड खाणार."

"दर्यात नाय बुडली ती फली, घरात काय पडनार हाय?" त्यांनी पेरानं ठोकलं. "आयका, बोलते."

पेट्या वर गेल्या. वहिनींनी त्या दिवशी पाय लांब केले, आणि आम्हा सगळ्यांना चहा मिळाला.

पावसाळ्यात फळीला पाझर फुटला. वहिनींच्या गोधडीवर तांबूस डाग पडायला लागले. धुतले तरी जात नसत. "मास्तर, ही फली रडते," त्या एकदा मला म्हणाल्या. कुडाच्या अलीकडे मलाही बारीक करकर ऐकू यायची. विचारलं तर बाजावाले हसत, "मचवा हाय, करकरनारच."

पुढच्या पावसाळ्यात ती करकर वाढली. मी त्यांना स्पष्टच सांगितलं, "पेट्या उतरवा. नाहीतर माझ्या खोलीत ठेवा."

"तुमच्या खोलीत तं बादल्या तरंगतात, मास्तर. माज्या भुईला पन वल हाय. तबकड्या नासल्या तं आमी खावं काय? दिवाली येऊ द्या, उतरवू."

त्याच दिवशी त्यांनी वहिनींची पथारी दाराशी नेली. म्हणाले, "हितं वारा येतो, तू हितं पड." आणि फळीखाली आपली चटई टाकली. वहिनी कुरकुरल्या, दाराशी पावसाचे शिंतोडे येतात म्हणाल्या. पण ते ऐकेनात.

मला ते खटकलं. गल्लीतल्या सगळ्या फळ्या ते पूर्वीसारखेच ठोकून बघत, पण आपल्या घरातल्या त्या फळीला त्यांनी पुन्हा बोट लावलेलं मी पाहिलं नाही.

श्रावणातली दुपार होती. मी वह्या तपासत होतो. पलीकडे करकर झाली, मग एकच धाडकन आवाज, आणि मागोमाग खापरं फुटावीत तशा तबकड्या फुटत राहिल्या. मी धावलो. वहिनी दाराशी बसल्या होत्या, मांडीवर तांदळाचं सूप तसंच. सुतारानं आणि मी पेट्या बाजूला केल्या. खाली बाजावाले होते. डॉक्टरला बोलावलं, पण ते केवळ बोलवायचं म्हणून.

सळ्या भोकांपाशी गंजून काडीएवढ्या झाल्या होत्या, तिथंच तुटल्या. फळीला मात्र साधी चीरही गेली नव्हती. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

माणसं जमली तेव्हा वहिनी बसल्या बसल्या सरकत फळीपाशी आल्या. तिच्यावर पेरानं ठोकून त्यांनी कान लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"ही जागा माजी व्हती, मास्तर."