वारज्यातली डांगी

काही टीमचे किस्से पार्ट्यांतून जमतात. आमचे जमले संपतच्या गाईवरून. वायटूकेच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तारखा सुधारायच्या कामात मान वर करायला फुरसत नसायची, तरी त्या गाईची, बांडीची, ताजी खबर ऐकल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नसे.

संपत अकोले तालुक्यातला, डोंगराकडचा. आई गेल्यावर वडील, म्हणजे तात्या, गावी एकटेच, आणि पुण्याला यायला तयार नाहीत. मग त्याने त्यांची डांगी गायच वारज्यातल्या मोकळ्या प्लॉटवर आणून बांधली. गाय राहिली की तात्याही राहतील, एवढंच त्याच्या मनात होतं.

जुलैत आम्ही हौसेने बांडीसाठी ताडपत्रीचा रेनकोट शिवून नेला. तात्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवून आमच्यापुढे धरला. तेलकट! डांगीच्या अंगावर पाऊस टिकतच नाही म्हणे. रेनकोट संपतच्या स्कूटरला झाला.

आमचे मॅनेजर दर रविवारी ट्रेकला जाणारे. एकदा बांडी दावं तोडून टेकडीवर गेली, तेव्हा सर इंपोर्टेड बूट घालून मागे धावले आणि निम्म्यात बसले. तात्या अनवाणी जाऊन तिला घेऊन आले. जाताना एवढंच म्हणाले, "सायेब, बूट काडून बगा."

शेजारच्या सोसायटीतल्या काकूंनी दूध किती देते विचारलं. तात्यांनी सांगितलं, दीड लिटर. एवढंच? म्हणून काकूंनी नाक मुरडलं.

"तिच्या पोरांनी चिखलात नांगर वढलाय, बाई. डेअरी न्हाय ती."

पण दिवाळीनंतर तात्या रोज एकच सांगू लागले, की बांडीला इथं करमत नाही, ती खात नाही. संपतने डॉक्टर आणले. ते अस्सल पुणेकर. गाय तपासली, गव्हाणीत पाहिलं आणि तात्यांकडे वळले.

"गाय ठणठणीत आहे. आपण जेवता का?"

त्या दिवशी संपतने हे ऑफिसात सांगितलं आणि आपला डबा न उघडताच परत नेला. आम्हालाही फार वाईट वाटलं.

शेवटी त्याने टेम्पो सांगितला. म्हणाला, बांडीसाठी दोघांना गावी पाठवतोय. शनिवारी सकाळी आम्ही सगळे मदतीला गेलो, तर तात्या धुतलेली टोपी घालून तयार, गाठोडं आधीच टेम्पोत. फळी लावली. बांडी चढेना. आम्ही मागून रेटलं, संपतने पेंड दाखवली. तिने शांतपणे प्लॉटवरच बसकण मारली.

"तात्या," संपत म्हणाला, "हिला करमतंय की इथं."

तात्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, खाली वाकले आणि तिच्या कानाशी हळूच म्हणाले, "ऊठ गं बाये. समदं तुझ्या नावावर सांगितलंय."