जुन्या तांदळातला ड्रायव्हर

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर मिळून असा एकही बिघडलेला कॉम्प्युटर नसेल, ज्याच्या पाठीवरून माझ्या साडभाऊंचा हात फिरला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माजरीच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून त्यांनी हयात घालवली आणि निवृत्त होऊन वडशाला आले, ते एक पेचकस, एक टॉर्च आणि साऱ्या तालुक्याच्या कॉम्प्युटरांची काळजी सोबत घेऊनच. कॉम्प्युटर दिसला की ते आधी त्याच्या मागच्या बाजूला खुर्ची टाकतात, पंख्याच्या वाऱ्यासमोर तळहात धरतात, डोळे मिटतात आणि मालकाला विचारतात, "काल काय चारलं याले?" शेजारच्या गावातल्या एका ऑपरेटरने एकदा छातीठोकपणे सांगितलं, "काईच नाई केलं जी भाऊ." साडभाऊंनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "काईच नाई करनाराच लय करते." दहा मिनिटांत त्या बिचाऱ्याने मेहुणीच्या लग्नाचा व्हिडिओ पाहण्यासाठी काय काय डाउनलोड केलं होतं, ते सगळं ओकून टाकलं. पोलिसांनाही इतक्या लवकर कुणी काही सांगत नाही.

दुरुस्ती झाली तरी खरा सोहळा पुढेच असे. खाणीत सुरुंग उडवण्याआधी माणसं बाजूला काढतात, तसं कॉम्प्युटर पुन्हा सुरू करण्याआधी साडभाऊ दुकान रिकामं करवत. तहसीलजवळच्या एका झेरॉक्सवाल्याला त्यांनी सात गिऱ्हाइकांसकट भर उन्हात रस्त्यावर उभं केलं होतं. सगळे असे गप्प उभे पाहून जाणारा एक म्हातारा सायकलवरून उतरला, टोपी काढली आणि हळूच विचारू लागला, "कोन गेलं जी?"

पण त्यांचं खरं नाव झालं ते ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवरून. कॉम्प्युटर आणि पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड यांच्यात बोलणी करून देणारा जो प्रोग्रॅम असतो, तो ड्रायव्हर. मध्यस्थ चांगला नसला की सोयरिकीचं जे होतं तेच इथे होतं: पडदा थरथरतो, काळा होतो, मग निळा पडतो आणि चाललेलं काम पाण्यात जातं. कंपन्या दर महिन्याला नवा ड्रायव्हर काढतात आणि लोक तो आनंदाने घालतात. साडभाऊंचा नव्यावर काडीचा विश्वास नव्हता. "नवा तांदूळ रांधला का गिचका होते अन् पोट धरते," ते म्हणत. "जुना मोकळा शिजते. ड्रायवरचं बी तसंच हाय. वरीसभर मुरू द्या, दुसऱ्यायच्या पोटात दुखते का पाहा, मंग आपन घ्या." मुरलेले ड्रायव्हर ते पेनड्राइव्हमध्ये भरून प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधत आणि घरातल्या जुन्या तांदळाच्या कोठीत खुपसून ठेवत. तांदूळ ओल शोषून घेतो, हे वर शास्त्रीय कारण. माझ्या दुकानातल्या कार्डाचा ड्रायव्हर लाल दोऱ्याचा. ते कार्ड इतकं म्हातारं, की त्याच्या कंपनीने तो ड्रायव्हर आपल्या साइटवरून केव्हाच काढून टाकला होता. तो आता फक्त साडभाऊंच्या तांदळात होता.

माझं दुकान पोस्टरांचं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, प्रत्येक मंडईला नाटक लागतं आणि त्या नाटकांची पोस्टरं वडशात बनतात. साडभाऊंना तरुणपणापासून एकच हौस होती: खऱ्या नाटक कंपनीच्या रंगमंचावर उभं राहायचं आणि पोस्टरवर आपलं नाव पाहायचं. गावच्या हौशी नाटकात त्यांनी कामं केली, पण मग खाणीची नोकरी लागली आणि पाळ्यांमध्ये चाळीस वर्षं निघून गेली. निवृत्तीनंतर दर हंगामात ते एका कंपनीच्या मॅनेजरकडे चकरा मारत. शेवटी एका वर्षी तो वैतागला म्हणा किंवा द्रवला म्हणा, त्याने त्यांना पटवाऱ्याचं काम दिलं. तीन प्रवेश, अकरा वाक्यं. ती अकरा वाक्यं आम्ही सर्व नातेवाईक तेव्हापासून झोपेतही म्हणू शकतो.

पोस्टर अर्थातच माझ्याकडे आलं. मॅनेजरने बजावलं, "उद्या सकाळी प्रचाराची गाडी निंगते. सांजेपर्यंत पोस्टर आलं तं ठीक, नाई तं मागच्या सालचंच लावतो." मागच्या सालच्या पोस्टरवर पटवाऱ्यापुढे दुसऱ्याचं नाव होतं. साडभाऊ सकाळीच पटका बांधून दुकानात हजर झाले आणि पडद्यावरचा आपला फोटो न्याहाळू लागले. नाक जरा काळपट दिसतंय, असं त्यांचं मत पडलं. मी चहा सांगायला बाहेर गेलो. परत येऊन पाहतो तर पडदा निळा! कोपऱ्यात "नवा ड्रायव्हर, अधिक चांगले रंग" अशी सूचना आली होती आणि आयुष्यभर जगाला पथ्य सांगणाऱ्या या वैद्याने स्वतःच्या नाकापायी ती दाबली होती. वर "उपटायचं तं मुळापासून" या तत्त्वाने जुना ड्रायव्हर आधी पार पुसून टाकला होता. आता फाइल उघडली की पडदा थरथरे आणि सगळं बंद पडे. पाचदा पाहिलं. मलाही मग राहवलं नाही. त्यांच्याच आवाजात विचारलं, "काय चारलं याले?"

"काईच नाई केलं," साडभाऊ खाली मान घालून म्हणाले.

लाल दोरा आणायला आम्ही घरी धावलो. कोठी उघडली तर तळ दिसत होता आणि तळाशी बाकीच्या रंगांचे दोरे. मंडई म्हणजे घरोघरी पाहुणे, आणि पाहुण्यांना नव्या धानाचा गिचका भात कोण वाढतो? मोठ्या बाईंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीने, शेजारच्या काकूंकडे पाहुणे येणार म्हणून जुना तांदूळ त्यांना देऊन टाकला होता. त्याबरोबर लाल दोराही गेला होता. काकूंच्या अंगणात पोचलो तेव्हा त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. "हे का तुमचं भाऊ?" त्यांनी डब्यातून पेनड्राइव्ह काढून दाखवला. "मले वाटलं, बाईनं सोंड्यायसाठी टाकलं. लय गुनाचं हाय जी! एक किडा फिरकला नाई. पाहुने जाऊ द्या, मंग नेजा."

साडभाऊंनी ड्रायव्हर म्हणजे काय ते समजावलं, पटवारी समजावला, दोन वाक्यं म्हणूनही दाखवली. काकूंनी डब्याचं झाकण घट्ट केलं. शेवटी ते मुकाट्याने घरी गेले आणि हिरव्या अन् पिवळ्या दोऱ्याचे दोन पेनड्राइव्ह घेऊन आले. "हे दोन ठेवा. याहून जालीम हायत." तेव्हा कुठे सौदा जमला. त्या दोनांत कुणाकुणाचे ड्रायव्हर होते, देव जाणे. काकूंच्या तांदळाला मात्र त्या वर्षी खरोखरच कीड लागली नाही, आणि आमच्या गल्लीत आणखी तिघींनी साडभाऊंकडे दोरा मागितला.

दुकानात येऊन त्यांनी आधी इंटरनेटची वायर उपटली, नव्या ड्रायव्हरला मुळापासून हाकललं आणि जुना बसवला. मग मला दुकानाबाहेर काढलं. या वेळी मी हसलो नाही. काचेतून दिसत होतं, ते हात जोडून उभे होते. फाइल उघडली. पडदा थरथरला नाही. दिवेलागणीला पोस्टर छापून निघालं, काळपट नाकासकट. पटवाऱ्याच्या ओळीत त्यांचं नाव होतं. साडभाऊंनी त्याच्यावर हात ठेवला आणि शाई ओली आहे हे विसरले.

तेवढा एकच हंगाम त्यांना मिळाला. पुढच्या वर्षी गुडघे गेले आणि मुलगा दोघांना पुण्याला घेऊन गेला. तिथे कॉम्प्युटर आपले आपणच नवे ड्रायव्हर घालून घेतात आणि कुणाचं काही अडत नाही, असं ते फोनवर सांगतात, पण त्यांच्या आवाजात जीव नसतो. मंडईचे दिवस आले की मात्र फोन ठरलेला. "नवा तं नाई ना चारला?" "नाई." "उघडा बरं ते." मी त्या पोस्टरची जुनी फाइल उघडतो. "हालला का?" "नाई हालला." मग ते म्हणतात, "वाचा."

साडभाऊंना नावाने हाक मारायची आपल्यात रीत नाही. वर्षातून ते नाव माझ्या तोंडून निघतं ते या एकाच वेळी. माझा कॉम्प्युटर रोज सकाळी नव्या ड्रायव्हरची आठवण करून देतो. मी रोज "नंतर" दाबतो.