मोहोळाचा कडा

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण मोहोळाच्या कड्याचे ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही. नावे कोणाचीच देत नाही. माणसे साधी होती आणि त्यातली बरीचशी अजून हयात आहेत.

माझी नेमणूक तेव्हा सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका डोंगरी ठाण्यात होती. तिथे चोऱ्या कमी आणि वाट चुकलेले पर्यटक जास्त. ठाण्याच्या कपाटात बेड्यांच्या शेजारी दोर आणि घडीचे स्ट्रेचर ठेवावे लागे. एका रविवारी दुपारी खबर आली, की दोरावरून कडा उतरणारा एक तरुण आग्या माशांच्या हल्ल्यात मेला आहे.

सहा जणांचा तो गट पलूसकडचा. सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचे, कडे उतरायचे, पिठलं-भाकरी खाऊन परत जायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. त्यांचा म्होरक्या चाळिशीचा, वेल्डिंगचे दुकान चालवणारा. मोहोळाच्या कड्यावर त्याचे नियम कडक असत: अत्तर नाही, विडी-काडी नाही, आणि कडा उतरताना तोंडातून अवाक्षर नाही. वरच्याने खालच्याशी बोलायचे ते दोराला हिसका देऊन.

मी पंचनामा केला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. म्होरक्याचा एक डोळा सुजून मिटला होता आणि दोन्ही तळहातांची सालटी निघाली होती. माशा अंगावर बसलेल्या असताना त्याने दोर सोडला नव्हता; मित्राला त्याने तळापर्यंत उतरवले होते. तोवर मित्राचा जीव गेला होता.

"माशा उठल्या कशा?" मी विचारले.

"डोंगर हाय साहेब, उठत्यात. नेता मी होतो, दोर माझा होता. माझी चूक म्हणून लिहा."

बाकीच्यांनीही अगदी तेच सांगितले. पाच माणसे एकच वाक्य बोलू लागली, की ते वाक्य आधी ठरलेले असते, असा माझा अनुभव आहे.

मृताची आई आली तेव्हा तिने म्होरक्याला ठाण्याच्या पायरीवरच धरले. "माझं पोरगं घिऊन गेलास आन् मोकळा आलास व्हय रं? तुझं वाटुळं हुईल!" तो मान खाली घालून ऐकत राहिला. तिने त्याच्याविरुद्ध तक्रार दिली. परवानगीशिवाय मोहीम काढली, माणूस दगावला. हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल होण्याइतके कागदावर होते. दुकान बंद पडले असते आणि त्याला तुरुंगवासही झाला असता.

दोन गोष्टींनी मला थांबवले. पहिली म्हणजे मृताचा धाकटा भाऊ. तो गटातच होता आणि आपण कड्याच्या काठावर दोरापाशीच उभे होतो, असे त्याने जबाबात लिहून दिले होते. काठावरच्या सगळ्यांची तोंडे सुजली होती. त्याच्या अंगावर एकही डंख नव्हता.

दुसरी गोष्ट आमच्या हवालदाराने आणली. पठारावर शेरडे राखणारी एक धनगर बाई त्याला काही सांगत होती. मी स्वतः गेलो.

"आवं सायब, लग्नात वर फिरतंय न्हाई का, फोटू काढणारं, तसलं हुतं. लय घुंई घुंई. माजी शेरडं बुजली. आन् मग माश्या उठल्या."

"कुणाचं होतं ते?"

"मला काय ठावं? माझं न्हवतं येवढं खरं."

हवालदार हसला. मला हसू आले नाही. ड्रोनचा शब्दही कोणाच्या जबाबात नव्हता.

म्होरक्याला पुन्हा बोलावले. तो बधला नाही. "साहेब, माझ्यावर घ्या आन् मिटवा," एवढेच म्हणत राहिला. दोष झटकणारे आरोपी मी शेकड्यांनी पाहिले. दोष ओढून घेणाऱ्याची चौकशी जास्त अवघड जाते.

मग मी धाकट्याला कड्यावर नेले. आवाज चढवला नाही. काठावर नेऊन विचारले, "इथं उभा होतास ना? काय दिसलं तेवढं सांग."

"दादा निम्म्यावर गेला. त्यानं माझ्याकडं बघून हात हलवला. हसला. मग एकदम दोन्ही हात तोंडावर घेतले..." त्याने स्वतःचेही हात तोंडावर घेतले.

मी पोटावर झोपून खाली पाहिले. काठाखाली पुरुषभर अंतरावर खडकाचे मोठे पोट पुढे आलेले आहे. त्याच्याखाली गेलेला माणूस काठावरून दिसतच नाही. निम्म्यावर असलेला माणूस दिसेल अशी जागा एकच होती: दरीपलीकडची डोंगराची सोंड. आणि तिथूनही हसू दिसायला ड्रोनचा कॅमेराच हवा. तिथे माशा पोचल्या नव्हत्या.

"ये, तू पण वाकून बघ," मी म्हणालो.

त्याने वाकून पाहिले आणि तो खडकावरच बसला. "दादाच म्हणाला होता, एक चांगला व्हिडिओ काढ. म्होरक्याला सांगू नको, तो नको म्हणंल. मी फक्त जरा जवळ नेला, साहेब. तोंड दिसावं म्हणून."

बाकीची हकिकत मग सरळ बाहेर आली. कड्याच्या तळाशी प्रेतापाशी जमल्यावर म्होरक्यानेच सगळ्यांना बजावले होते: "एका घरातला एक गेलाय. दुसऱ्याचं नाव कुणी काढायचं न्हाई." ड्रोन त्याच्या दुकानातल्या भंगारात सापडला. धाकट्यावर हलगर्जीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा दाखल झाला, म्होरक्यावर पुरावा लपवल्याचा. कायद्याने जे करायला हवे होते ते मी केले, आणि आजही तेच करीन.

आईला सांगायला मी स्वतः पलूसला गेलो. धाकटा आतल्या खोलीत होता. तिने सगळे ऐकून घेतले. रडली नाही. पदराचे टोक पिळत बसली. मग म्हणाली, "सायब, रोज सकाळी उठून त्या वेल्डिंगवाल्याला शिव्या घालत हुते. त्यावर दिस ढकलत हुते. आता कुणाला घालू?"

मी टोपी उचलली. ओसरीवर पुढ्यात ठेवलेला चहा निवून गेला होता.

खरे शोधायचे असते, एवढे नोकरीत शिकवतात. ते सापडल्यावर कोणाच्या तरी घरात कायमचे राहायला जाते, हे मला त्या ओसरीवर कळले. मी निघालो तेव्हा तिने आत हाक मारली, "जेवाय ये रं." आतल्या खोलीचे दार उघडले नाही. ती उठली, एकच ताट वाढले आणि दाराशी नेऊन ठेवले.