सुपात दिलेला थोरला

सुपडू पाटलाला जन्मभर एकच गोष्ट सिद्ध करायची राहिली, आपण आपल्याच आईच्या पोटचे आहोत ही. ज्याला अख्खं गाव ओळखतं त्याच्यावर अशी पाळी यावी, याला काय म्हणावं?

त्याच्या आईची, तानुबाईची, आधीची दोन मुलं बाळसं धरायच्या आतच गेली होती. तिसऱ्यावर सटवीची नजर पडू नये म्हणून तिने रीतीप्रमाणे बाळ सुपात घालून शेजारच्या शेवंताबाईला देऊन टाकलं. शेवंताबाईने बदल्यात पायलीभर कोंडा दिला आणि 'माझं पोर सांभाळ' म्हणत ते परत तिच्याच मांडीवर ठेवलं. तेव्हापासून ते लोकाचं पोर. लोण्याचा गोळा आधी त्यालाच मिळे, पण तानुबाई त्याला कधी आपला म्हणाली नाही. तोही तिला काकीच म्हणे. धाकटा झुलाल मात्र खुशाल माय म्हणायचा.

एकोणीसशे तेवीस साली बाप वारला. मडकं सुपडूनेच धरलं. गावच्या पाटीलकीचं वतन थोरल्याचं, त्यात दुमत नव्हतं. पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. झुलाल धरणगावला कापसाच्या पेढीवर राहून कायद्याचे चार शब्द शिकून आलेला. त्याने अर्ज ठोकला: सुपडू दुसऱ्या घरी दत्तक गेला, आता थोरला मी.

मामलेदार देशावरचे. त्यांना सूप ठाऊक होतं ते धान्य पाखडायचं. गावच्या चौघांनी रीत समजावली, ती त्यांच्या डोक्यात शिरेना. शेवंताबाई केव्हाच वारलेली. शेवटी ते म्हणाले, आईच काय ते सांगू दे.

"बाई, हा तुमचाच मुलगा ना?"

सुपडूचा जीव कानात गोळा झाला. पाटीलकी हवीच होती. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त, चाळीस वर्षांत न ऐकलेला तेवढा एक शब्द त्याला हवा होता.

तानुबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"नही साहेब," ती म्हणाली. "शेवंतानं पोर शे. मी तिले दिधं व्हतं."

कारकुनाने लिहून घेतलं: पोर शेवंताबाईचं. झुलालसुद्धा खाली मान घालून उभा राहिला.

बाहेर गाडी जुंपताना सुपडूला रडू आवरेना. "माय," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच म्हणाला. "माय, एक डाव 'मना पोऱ्या' म्हनती ते काय जातं तुनं?"

तिने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि कुणी ऐकलं का ते चहूकडे पाहिलं.

"तशी हाक नको मारू. त्या दोन्ही पोरं गयात. तू तरी ऱ्हाय."

सुपडूने तिचा हात हळूच बाजूला केला, डोळे पुसले.

"गाडीमा बठ, काकी," तो म्हणाला.