दुपारी मिटणारं फूल

आमच्या दारातल्या टर्नेराच्या झुडपावर आज सकाळी अकरा पिवळी फुलं उमलली आहेत. कृष्णकमळाच्याच कुळातलं हे झुडूप. पानाच्या देठाशी दोन इवल्या गाठी असतात आणि त्यांतला गोड रस प्यायला मुंग्या येतात. फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं आणि पुन्हा उघडत नाही.

झुडूप आईनं लावलं. ती मुलांच्या वसतिगृहात पोळ्या लाटते. उजाडण्याआधी जाते, दोन वाजता परतते. त्या पोळ्यांवरच मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली. तिनं मात्र हे फूल अजून एकदाही उघडं पाहिलेलं नाही. सुट्टी मागितली की तिथं दुसरी बाई ठेवतात.

काल परतल्यावर ती म्हणाली, "एवढी झाडांची बुकं वाचलीस, याला जरा थांबायला सांग की."

मी एक मिटलेलं फूल नखानं हलकेच उलगडायला गेलो. पाकळ्या बोटांना चिकटून फाटल्या.

"राहू दे रे, दमलं असंल ते," असं म्हणत तिनं झुडपाला तांब्याभर पाणी घातलं आणि स्वतःचे पाय चेपत पायरीवर बसली.